रचना हाती येण्याआधीची वर्षे



स्मृतिव्याख्यानात थोरांच्या कर्तृत्वाविषयी बोलण्याची आपली रीत आहे. आज मी मात्र ज्यांचे नाव सहसा कोणत्याही फलकावर लागत नाही, अशा माणसांच्या कामाविषयी बोलणार आहे. पीएच.डी. झाली आहे, स्वतःची प्रयोगशाळा अजून नाही, ठरावीक मुदतीच्या पाठ्यवृत्तीवर गुजराण आहे आणि ती संपायच्या आत कुठेतरी कायमची जागा मिळवायची आहे, अशा अवस्थेतल्या संशोधकाला जगभर ‘पोस्टडॉक’ म्हणतात. त्याचे काम नीट दिसावे म्हणून मी एकच क्षेत्र निवडले आहे, ते म्हणजे पेशीच्या पटलात रुतून बसलेल्या प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास. माझे म्हणणे थोडक्यात असे. या क्षेत्रातले निर्णायक शोध रचनेचे चित्र छापून येण्याच्या पुष्कळ आधी लागलेले असतात, पुष्कळदा ते पोस्टडॉकच्या हातून लागतात, आणि आपण मात्र फक्त चित्रे मोजतो. ही मोजणी बदलली नाही, तर कितीही महागडी यंत्रे आणली तरी हे विज्ञान आपल्याकडे रुजणार नाही.

आधी विषयाची ओळख करून घेऊ. प्रत्येक पेशीभोवती मेदरेणूंचा दुहेरी थर असतो. त्याचा तेलकट गाभा सुमारे तीन नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे एका मिलिमीटरचे तीन लाखांहून अधिक भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. एवढ्याशा थरातून मीठ, साखर, आयन आपोआप आत-बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यांना वाट करून देणे, बाहेरचा निरोप आत पोचवणे, नको असलेले रेणू बाहेर फेकणे ही कामे या थरात रुतलेली प्रथिने करतात. सजीवांच्या जनुकांपैकी पाव भागाच्या आसपास जनुके अशा प्रथिनांसाठी असतात आणि आज वापरात असलेल्या निम्म्याहून अधिक औषधांचे लक्ष्य हीच प्रथिने आहेत. त्यांची रचना कळल्याने काय हाती लागते, याचे एक उदाहरण पाहा. पोटॅशियमचा आयन सोडियमच्या आयनापेक्षा आकाराने मोठा. तरी पोटॅशियमची वाहिनी मोठ्याला सोडते आणि लहानाला अडवते, तेही सेकंदाला कोट्यवधी आयनांच्या वेगाने. हे कोडे दशकानुदशके सुटले नव्हते. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने एका जिवाणूच्या वाहिनीची रचना उलगडली तेव्हा उत्तर डोळ्यांपुढे आले. वाहिनीच्या अरुंद भागातले ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमभोवती अगदी पाण्याच्या रेणूंसारखे उभे असतात, त्यामुळे पाणी सोडून आत शिरताना त्याचे काही बिघडत नाही. सोडियम लहान असल्याने त्याला हे अणू नीट कवेत घेऊ शकत नाहीत. म्हणून तो बाहेर पाण्यातच राहणे पसंत करतो.

आता अडचण कुठे आहे ते पाहू. रचना पाहायची तर प्रथिन आधी पटलातून सोडवावे लागते. भांड्याच्या साबणाने तेलाचा थर सुटतो, त्याच तत्त्वावर इथे डिटर्जंट वापरतात. डिटर्जंट कडक असेल तर प्रथिनाची घडीच मोडते. सौम्य असेल तर त्याच्या मोठाल्या कणांखाली प्रथिनाचा पृष्ठभाग झाकला जातो आणि क्ष-किरणांनी रचना पाहायला लागणारे स्फटिक धरत नाहीत. शिवाय यातली बहुतेक प्रथिने पेशीत नावापुरतीच असतात, आणि जिवाणूत किंवा कीटकांच्या पेशीत ती जबरदस्तीने तयार करायला जावे तर पेशीच आजारी पडते. मग दहा प्राण्यांमधली त्याच प्रथिनाची भावंडे तपासायची, शेपटाचा हलता भाग कापून पाहायचा, डिटर्जंट बदलायचे, मीठ बदलायचे, थोडा मेद परत मिसळायचा. प्रत्येक फेरीत पेशी वाढवायच्या, फोडायच्या, थंड खोलीत प्रथिन शुद्ध करायचे आणि ते जिवंत आहे की गोळा होऊन बसले आहे ते पाहायचे. यातल्या बहुतेक फेऱ्यांचे उत्तर ‘नाही’ असेच येते. मायोग्लोबिन या पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनाची रचना जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये दाखवली. पटल-प्रथिनाची अणूंच्या पातळीवरची पहिली रचना यायला १९८५ साल उजाडले. मधल्या सत्तावीस वर्षांत क्ष-किरणांचे तंत्र थांबलेले नव्हते. अडले होते ते प्रथिन हाताळण्यापाशी.

ही अडचण कशी सुटली हा माझा पहिला पुरावा. रिचर्ड हेंडरसन यांनी केंब्रिजमध्ये पीएच.डी. केली ती पाण्यात विरघळणाऱ्या विकरावर. पटल-प्रथिनांकडे ते वळले येल विद्यापीठातल्या पोस्टडॉकच्या काळात. केंब्रिजला परतल्यावर नायजेल अनविन यांच्यासोबत त्यांनी बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिन घेतले. खारट पाण्यातल्या एका सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पटलात ते आपणहून ओळीने रचलेले असते, त्यामुळे स्फटिक करण्याची गरज नव्हती. १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून सात अँगस्ट्रॉम (०.७ नॅनोमीटर) विभेदनाची पहिली आकृती मिळाली आणि पटलाच्या आरपार गेलेले सात सर्पिल दिसले. त्याच प्रथिनाची अणूंच्या जवळपास जाणारी रचना हेंडरसन यांना मिळाली १९९० मध्ये. मधली पंधरा वर्षे नमुना थंड ठेवणे, इलेक्ट्रॉनांचा मारा कमी करणे, चित्रांतले विरूपण गणिताने दुरुस्त करणे यांत गेली. ज्या प्रयोगशाळेत हे चालले तिला ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचा दीर्घ मुदतीचा आधार होता. तीन-तीन वर्षांच्या हप्त्यांनी हिशेब मागितला असता तर यातल्या अनेक हप्त्यांत दाखवायला नवी रचना नव्हती. पण २०१७ मध्ये हेंडरसन, जाक द्युबोशे आणि योआकिम फ्रँक यांना ज्या क्रायो-इलेक्ट्रॉन, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या, सूक्ष्मदर्शनासाठी नोबेल मिळाले, त्याच्या पायात या पंधरा वर्षांचाही वाटा आहे.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे, कारण त्यात एक अपयश आहे. हार्टमुट मिशेल हे डीटर ओस्टरहेल्ट यांच्याकडे पीएच.डी.नंतर काम करत होते. पटल-प्रथिनांचे त्रिमितीय स्फटिक होणे अशक्य, असे तेव्हा जाणकार मानत. १९७९ मध्ये मेद काढून टाकलेले बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन गोठवले असता काचेसारखे घट्ट कण तयार झालेले त्यांना दिसले, आणि हे अशक्य नाही अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी १९८० मध्ये बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचे स्फटिक मिळवलेही, पण ते रचना काढण्याइतके चांगले नव्हते. त्या प्रथिनाचे समाधानकारक स्फटिक व्हायला १९९६ मधली मेदाच्या घनाकार जाळीची पद्धत यावी लागली. म्हणजे ‘बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनची रचना’ हे उद्दिष्ट धरून १९८१ मध्ये एखाद्या समितीने मिशेल यांचे गुण मोजले असते, तर ते नापास झाले असते. प्रत्यक्षात याच धडपडीतून लहान आकाराचे डिटर्जंट आणि त्यांच्या जोडीला आणखी छोटे द्विस्वभावी रेणू वापरण्याची युक्ती त्यांच्या हाती आली. ती त्यांनी जांभळ्या जिवाणूच्या प्रकाशसंश्लेषण केंद्राला लावली, १९८२ मध्ये उत्तम स्फटिक मिळाले, आणि योहान डायझेनहोफर व रोबेर्ट हुबर यांच्यासह १९८५ मध्ये रचना पुरी झाली. तीनच वर्षांत नोबेल आले. शोध १९८५ च्या चित्राचा म्हणून नोंदला जातो. माझ्या मते त्याचे बीज १९७९ च्या काचेसारख्या कणांत होते.

तिसरे उदाहरण औषधांच्या अगदी जवळचे आहे. ॲड्रेनलिनचा निरोप घेणारे बीटा-२ ग्राही दम्याच्या औषधांमुळे आपल्याला परिचित आहे. ब्रायन कोबिल्का ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्याकडे पोस्टडॉक असताना, १९८६ मध्ये, त्याचे जनुक हाती आले. त्याची रचना छापून आली २००७ मध्ये. ग्राही आणि त्याचा पेशीतला जोडीदार जी-प्रथिन यांची एकत्र रचना २०११ मध्ये. या पंचवीस वर्षांत ग्राहीचा वळवळणारा भाग काढून तिथे विषाणूचे एक घट्ट प्रथिन बसवणे, उंटवर्गीय प्राण्यांच्या लहानशा प्रतिपिंडांनी ग्राहीला एका स्थितीत धरून ठेवणे, अशा क्लृप्त्या शोधल्या गेल्या. त्या ज्यांनी कोबिल्कांच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळांत प्रत्यक्ष बसवल्या, त्यांत पोस्टडॉक आघाडीवर होते. आज जगभर शेकडो ग्राहींच्या रचना याच क्लृप्त्यांवर उभ्या आहेत.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. सर्वांत उपयोगी ज्ञान रचनेचे नव्हते, ते प्रथिन हाताळण्याचे होते. आणि हे ज्ञान निबंधात फार थोडे उतरते. पद्धतीच्या परिच्छेदात कोणते डिटर्जंट वापरले ते येते, कोणती चाळीस निकामी ठरली आणि का, ते येत नाही. ते पोस्टडॉकच्या वहीत आणि हातात राहते. आता मुदती पाहा. आपल्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाने सुरू केलेली राष्ट्रीय पोस्टडॉक पाठ्यवृत्ती दोन वर्षांची. युरोपातल्या एम्बो संस्थेची दोन वर्षांपर्यंत. ह्युमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅमची तीन वर्षांची. प्रथिन माणसाळायलाच दीड-दोन वर्षे जातात तिथे या मुदतीचा अर्थ असा, की संशोधक नेमका उपयोगी होऊ लागतो तेव्हा त्याने जायचे. त्याच्या जागी येणारा पुन्हा त्याच चाळीस डिटर्जंटांपासून सुरुवात करतो. दुसरा परिणाम जास्त घातक आहे. शहाणा तरुण अवघड प्रथिनाच्या वाटेला जातच नाही. ज्याची भावंडे सुटलेली आहेत असे सोपे प्रथिन घेऊन तो एक खात्रीचा निबंध पदरात पाडून घेतो. व्यवस्थेने त्याला तेच शिकवलेले असते.

घाईची किंमत नुसत्या उशिराने फेडली जात नाही, कधी ती चुकीने फेडली जाते. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतून २००१ मध्ये एमएसबीए या वाहक प्रथिनाची रचना प्रसिद्ध झाली आणि पुढे तिच्या पठडीतल्या आणखी रचना आल्या. त्यांच्याशी न जुळणारे जैवरासायनिक निष्कर्ष काही प्रयोगशाळांकडे होते, पण छापील रचनेपुढे त्यांचे वजन पडेना. २००६ मध्ये झुरिकहून रॉजर डॉसन आणि कास्पार लोखर यांनी त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना दिली आणि विसंगती उघड झाली. तपासात निघाले ते असे, की प्रयोगशाळेतल्या घरगुती संगणक-आज्ञावलीत आकड्यांच्या दोन स्तंभांची अदलाबदल झाली होती. पाच निबंध मागे घेतले गेले. यात लबाडी नव्हती. पण चित्राला जैवरसायनापेक्षा जास्त मान देण्याची सवय होती, आणि तीच सवय पोस्टडॉकचे मोजमापही बिघडवते. ज्याने चार वर्षे एका प्रथिनाची कार्यक्षमता मोजली त्याचे ‘हे चित्र पटत नाही’ हे म्हणणेही तितकेच शास्त्रीय आहे, असे मानणारी व्यवस्था असती तर चूक पाच वर्षे टिकली नसती असे मला वाटते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप सगळ्यात रास्त आहे. तुम्ही जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगता, पंधरा वर्षे काम करून काहीच हाती न लागलेल्यांचे काय? सगळ्यांना मुदतवाढ दिली तर आळशालाही मिळेल. यातला पहिला भाग मला मान्य आहे. नोबेलविजेत्यांवरून नियम काढता येत नाही, आणि दीर्घ काळ दिला की यश मिळतेच असे मी म्हणत नाही. पण दुसरा भाग टिकत नाही, कारण रचना येण्याआधीची प्रगती आज मोजता येते. प्रथिनाला हिरवे चमकणारे शेपूट जोडून, ते शुद्ध करण्याआधीच, अगदी थोड्या नमुन्यातून ते एकसंध आहे की गोळा झाले आहे ते पाहण्याची पद्धत २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आता ती सर्वत्र रुळली आहे. प्रथिन कोणत्या तापमानाला मोडते, औषधाचा रेणू त्याला किती घट्ट चिकटतो, कृत्रिम पटलात परत बसवले तर ते आयन वाहते का, हे सगळे आकड्यांत सांगता येते. दोन वर्षांच्या शेवटी ‘रचना कुठे आहे’ असे विचारण्याऐवजी हे आकडे मागा. ज्याच्याकडे ते नाहीत त्याला थांबवा. आळशी आणि दुर्दैवी यांच्यात फरक करायला एवढे पुरेसे आहे. आजची पद्धत दोघांनाही एकाच मापाने नाकारते.

दुसरा आक्षेप काळ बदलल्याचा. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाला स्फटिक लागत नाहीत, मग ही जुनी रडगाणी कशाला? २०१३ अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत यिफान चेंग आणि डेव्हिड ज्युलियस यांच्या गटांनी, मिरचीचा तिखटपणा ज्यामुळे जाणवतो त्या टीआरपीव्ही१ वाहिनीची रचना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत स्फटिकाविना दाखवली आणि या क्षेत्राचा वेगच बदलला. हे खरे. पण त्या वाहिनीचे जनुक ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेत १९९७ मध्ये सापडले होते. सोळा वर्षांचे तिचे शरीरक्रियाशास्त्र हाताशी होते. शिवाय इलेक्ट्रॉन थेट टिपणारे नवे संवेदक आले होते, आणि नको ते भाग काढून वाहिनी डिटर्जंटबाहेर स्थिर ठेवण्याचे काम दोन्ही गटांतल्या पोस्टडॉकनी केले होते. यंत्राने स्फटिकाची पायरी गाळली. चांगल्या नमुन्याची पायरी तिथेच राहिली. उलट यंत्रावरचा वेळ महाग असल्याने वाईट नमुन्याची किंमत वाढलीच आहे.

तिसरा आक्षेप सध्या सर्वांच्या तोंडी आहे. अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज उपलब्ध करून दिले, २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्या कामाला मिळाला, मग प्रयोग कशाला? या कामाचे मोल मी कमी करणार नाही. कोणता भाग कापायचा, कोणते भावंड निवडायचे, हे ठरवताना त्याने महिने वाचतात. पण ही प्रणाली शिकली कशावर? १९७१ मध्ये सात रचनांनिशी सुरू झालेल्या प्रथिन माहितीपेढीवर, म्हणजे पन्नास वर्षांच्या प्रयोगांवर. शिवाय पटल-प्रथिनाचे काम स्थिती बदलण्यातच असते. वाहक प्रथिन कधी बाहेरच्या, कधी आतल्या बाजूला उघडते. औषध यांतली एखादीच स्थिती पकडते. अंदाज बहुधा एकच स्थिती दाखवतो, आणि भोवतालच्या मेदाने किंवा औषधाने ती कशी सरकते हे ठरवायला प्रयोगच लागतो. अंदाज सोपे झाल्यावर शिल्लक राहिलेले प्रश्न अवघड आहेत, आणि अवघड प्रश्नांना दोन वर्षे पुरत नाहीत. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो.

चौथा आक्षेप आपल्या घरचा आहे. औषधे रचनेवाचूनही सापडतात, मग गरीब देशाने हा खर्च का करावा? क्षयरोगाचेच उदाहरण घेऊ, कारण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण भारतात आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे बेडाक्विलिन हे जिवाणूच्या पटलातल्या एटीपी सिंथेस या ऊर्जेचा रेणू बनवणाऱ्या प्रथिनावर काम करते आणि ते रचना न पाहताच सापडले. आक्षेप इथवर बरोबर. पण पुढे काय झाले? हे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते, कारण ते हृदयातल्या एका पोटॅशियम वाहिनीलाही बाधते, आणि त्याला दाद न देणारे जिवाणूही दिसू लागले आहेत. लक्ष्याला चिकटणारे पण हृदयाला न दुखावणारे त्याचे भावंड घडवायचे तर दोन्ही पटल-प्रथिनांची रचना हवी. हृदयातल्या त्या वाहिनीची रचना २०१७ मध्ये आली आणि क्षयाच्या जिवाणूच्या निरुपद्रवी नातलगातल्या एटीपी सिंथेसची, बेडाक्विलिनसह, २०२१ मध्ये. पहिले औषध नशिबाने मिळते, दुसरे चांगले औषध समजुतीने. ज्या रोगाचा सर्वाधिक भार आपल्यावर आहे त्याची उकल दुसऱ्यांनी करावी, ही काटकसर म्हणता येणार नाही.

आणि आपल्याकडे माणसे नाहीत असेही नाही. अरविंद पेनमत्सा यांनी पोर्टलंडच्या व्होलम इन्स्टिट्यूटमध्ये पोस्टडॉक असताना नैराश्यावरच्या औषधासह डोपामिन वाहकाची रचना २०१३ मध्ये दिली आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रयोगशाळा उभी केली. अरुण शुक्ला यांनी फ्रँकफुर्टला मिशेल यांच्याकडे पीएच.डी. आणि ड्यूकमध्ये लेफ्कोविट्झ यांच्याकडे पोस्टडॉक करून कानपूरच्या आयआयटीत ग्राहींवरचे काम सुरू केले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मेंदूतल्या ग्लुटामेट ग्राहींच्या कुळातली जीएलयूडी१ ची क्रायो-सूक्ष्मदर्शी रचना २०२० मध्ये आली. बंगळुरूत राष्ट्रीय क्रायो-सूक्ष्मदर्शन सुविधा आहे. परत येणाऱ्यांसाठी पाच वर्षांची रामलिंगस्वामी पाठ्यवृत्ती आहे. यातली खोच लक्षात घ्या. परदेशात तयार झालेल्याला आपण पाच वर्षे देतो आणि इथे तयार होऊ पाहणाऱ्याला दोन. म्हणजे प्रथिन हाताळण्याचे ते न लिहिलेले ज्ञान आपण दर वेळी बाहेरून आणतो आणि ते इथे एका पिढीकडून दुसरीकडे जाईल अशी सोय करत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पटल-प्रथिनांसारख्या संथ विषयात पोस्टडॉकची मुदत पाच वर्षांची असावी आणि दोन वर्षांनी मघाशी सांगितलेल्या आकड्यांवर कडक तपासणी व्हावी. प्रत्येक सूक्ष्मदर्शनाच्या केंद्रात नमुना बनवणाऱ्या अनुभवी संशोधकांच्या काही कायम जागा असाव्यात, प्राध्यापक होण्याची अट न घालता. आणि सार्वजनिक पैशातून केलेल्या कामातली निकामी ठरलेली रूपे, डिटर्जंट आणि परिस्थिती खुल्या नोंदीत यावीत, आणि त्या नोंदी निवडीच्या वेळी निबंधांच्या बरोबरीने धरल्या जाव्यात. यांतली तिसरी मागणी जवळपास फुकट आहे. पहिल्या दोन्हींचा खर्च यंत्रांच्या किमतीपुढे थोडा आहे. आपण यंत्र खरेदी करताना त्याच्या अनेक वर्षांच्या देखभालीचा करार करतो. ते यंत्र ज्यांच्या नमुन्यांवर चालायचे त्या माणसांशी दोन वर्षांचा करार करून भागेल, असे मानण्याला मला कोणताही आधार सापडलेला नाही. तो आधार कोणाकडे असेल तर त्याने तो मांडावा. नसेल तर नियम बदलण्याची जबाबदारी निवड समित्यांवर, निधी देणाऱ्यांवर आणि त्यांना प्रश्न विचारू शकणाऱ्या आपल्यासारख्या करदात्यांवर येते.